नाशिकचा पेला

गोदातीरी द्राक्षमद्याचा पेला पुढे आला म्हणजे पुष्कळांस ते कलियुगाचे लक्षण वाटते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथावरून दिसते की, भडोच बंदरी इटलीच्या मद्यास विशेष मागणी असे, व राजासाठी उंची मद्य वेगळे आणीत. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली. आमच्या पांडवलेण्यांत तर इंद्राग्निदत्त नामक यवनाचा दानलेखच आहे.

परंतु ते मद्य परके, आणि धनिकांपुरते. आता द्राक्ष नाशिकातच पिकते व तेथेच मुरते. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले. २००५ साली गंगापूर धरणानजीक सुलाच्या मळ्यात चवदालन उघडले. तेथे सबंध बाटली न घेता एका पेल्यावर परीक्षा होते: आधी रंग पाहावा, मग गंध घ्यावा, शेवटी लहानसा घोट. ओकच्या पिंपात मुरलेल्या मद्याचा लाकडी सुवास व कालाने मवाळ झालेला तुरटपणा असाच कळतो.

आम्ही मद्याची भलावण करीत नाही. व्यसनास विवेक नसतो. पारख मात्र विवेकावाचून होत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपण परक्यांच्या कुंभांस मोल दिले. आज आपल्या मातीतील रसाचे मोल आपणांसच ठरवावयाचे आहे.