उसना श्वास

२०२० सालापूर्वीं 'व्हेंटिलेटर' हा शब्द सामान्य कुटुंबांतून क्वचितच उच्चारला जात असे. कोविडची साथ आली आणि थोड्याच आठवड्यांत तो आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या तोंडीं झाला. आपल्या शहरांत अशीं यंत्रें किती आहेत, आणि वेळ आलीच तर त्यांतलें एक आपल्या माणसाच्या वांट्याला येईल कीं नाहीं, ही चिंता त्या दिवसांत अनेकांनीं केली असेल. परंतु ज्या यंत्राकडे आपण इतक्या आशेनें पाहत होतों तें कोठून आलें आणि तें सिद्ध होण्यापूर्वीं किती चुका झाल्या, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. आज तीच हकीकत मी आपणांस सांगणार आहें.

प्रथम श्वास म्हणजे काय हें पाहूं. फुप्फुसांना स्वतःची हालचाल नाहीं. स्नायू बरगड्या वर उचलतात, छाती आणि पोट यांच्यामधील पडदा खालीं सरकतो, छातीची पोकळी मोठी होते, आंतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, आणि हवा आपोआप आंत शिरते. स्नायू सैल पडले कीं ती बाहेर पडते. या स्नायूंना हुकूम देणारे मज्जातंतू निकामी झाले तर फुप्फुसें निर्दोष असूनही मनुष्य गुदमरतो. अशा मनुष्याला वांचविण्याच्या वाटा दोनच. एक, तोंडावाटे अथवा श्वासनलिकेवाटे हवा आंत ढकलावयाची. दुसरी, छातीबाहेरील दाब कमी करून हवा आंत ओढली जाईल असें करावयाचें. ढकलावें कीं ओढावें, या एका प्रश्नाभोंवतीं या यंत्राचा बहुतेक सारा इतिहास फिरला आहे.

ढकलण्याची वाट अधिक जुनी. आंद्रेआस व्हेसालियस यानें १५४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या शरीररचनेवरील ग्रंथांत असें लिहून ठेवलें आहे कीं, प्राण्याच्या श्वासनलिकेंत बोरूची नळी बसवून फुंकर घातली तर फुप्फुसें फुगतात आणि मंदावलेलें हृदय पुन्हा जोर धरतें. १६६७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें रॉबर्ट हुक यानें एका कुत्र्याला केवळ भात्याच्या वाऱ्यावर जिवंत ठेवून दाखविलें. अठराव्या शतकांत ही विद्या प्रयोगशाळेंतून नदीकांठीं आली. पाण्यांत बुडालेल्यांना वांचविण्यासाठीं १७६७ सालीं ॲम्स्टरडॅम येथें आणि १७७४ सालीं लंडन येथें संस्था निघाल्या, आणि त्यांच्या उपकरणांत भात्याला स्थान मिळालें. ज्या भात्यानें घरांतील शेगडी फुलवावयाची, त्याच भात्यानें विझत चाललेला प्राण फुलवावा, ही कल्पना किती सहज सुचण्याजोगी होती!

परंतु सहज सुचलेली गोष्ट निर्धोक असतेच असें नाहीं. १८२० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील लरॉय देत्योल या वैद्यानें प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, भाता जोरानें दाबला तर फुप्फुसें आंतून फाटतात आणि ज्याला वांचवावयाचें तोच प्राणी मरतो. या इशाऱ्यानंतर भाते मागें पडले. वास्तविक दोष ढकलण्याच्या तत्त्वाचा नव्हता, बेताल जोराचा होता. पण वैद्यांचा विश्वास एकदां उडाला तो उडालाच, आणि शोधकांची दृष्टि दुसऱ्या वाटेकडे वळली.

दुसरी वाट ओढण्याची. १८७६ सालीं पॅरिसचे डॉ. वॉइये यांनीं एक धातूची पेटी तयार केली. रोग्याचें डोकें तेवढें बाहेर ठेवून बाकीचें शरीर पेटींत बंद करावयाचें आणि हातानें भाता ओढून आंतील हवा विरळ करावयाची, अशी ती योजना होती. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याचा नवजात मुलगा १८८१ सालीं श्वास नीट न चालल्यामुळें दगावला. त्या दुःखांतून बेलनें छातीभोंवतीं बसवावयाचें एक कवच बनविलें. हीं दोन्हीं यंत्रें हातानें चालवावयाचीं होतीं. मनुष्याचा हात तासभर चालेल. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे कसा चालणार?

ती अडचण विजेनें दूर केली. अमेरिकेंत बोस्टन शहरीं हार्वर्ड विद्यापीठांत फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ हे संशोधक काम करीत होते. विजेचा धक्का बसून अथवा विषारी वायूनें गुदमरून मनुष्यें मरत, त्यांवर उपाय शोधण्यासाठीं एका गॅस कंपनीनें पैसा पुरविला होता. ड्रिंकर यांनीं प्रथम एका मांजराचे स्नायू औषधानें लुळे करून त्याला बंद पेटींत ठेविलें आणि पिचकारीनें पेटींतील हवा कमीजास्त करून त्याचा श्वास चालू ठेविला. मग मनुष्य मावेल एवढी लोखंडी टाकी तयार झाली. तींतील हवा खेंचण्यासाठीं घरांतील धूळ शोषणाऱ्या यंत्रांचे दोन पंखे बसविण्यांत आले होते. १९२८ सालच्या ऑक्टोबरांत बोस्टनच्या बालरुग्णालयांत पोलिओनें आसन्नमरण झालेल्या एका आठ वर्षांच्या मुलीला या टाकींत ठेविलें. टाकी सुरू होतांच थोड्या अवधींतच ती शुद्धीवर आली. कांहीं दिवसांनीं न्युमोनियानें तिचा अंत झाला. परंतु यंत्र मनुष्याचा श्वास चालवूं शकतें हें सिद्ध होऊन चुकलें होतें. याच टाकीला लोक 'लोखंडी फुप्फुस' म्हणूं लागले.

येथें या हकीकतींत पैशाचा प्रवेश होतो. ड्रिंकर यांची टाकी अवजड आणि महाग होती. १९३१ सालीं जॉन हेवन इमर्सन नांवाच्या कारागिरानें हलकी, साधी आणि निम्म्याहूनही कमी किंमतीची टाकी बनविली. वीज गेली तर ती हातानें चालवितां येई. ड्रिंकर आणि हार्वर्ड यांनीं पेटंटच्या हक्काचा भंग झाला म्हणून त्याच्यावर दावा लावला. इमर्सननें उत्तर दिलें कीं, प्राण वांचविणारें साधन सर्वांना मोकळें असलें पाहिजे. आणि त्या टाकींतील एकूण एक कल्पना पूर्वींच्या कोणीतरी वापरलेली अथवा छापलेली आहे हें त्यानें पुराव्यानिशीं दाखवून दिलें. ड्रिंकर यांचीं पेटंटें रद्द ठरलीं. ड्रिंकर यांचें श्रेय यामुळें नाहींसें होत नाहीं. पण एकट्याच्या मालकीचा म्हणावा असा हा शोध नव्हता, हें त्या निकालानें उघड झालें.

स्वस्ताईची पुढची पायरी ऑस्ट्रेलियांत गांठली गेली. ॲडलेड येथील एडवर्ड बोथ यानें १९३७ सालीं प्लायवुडच्या लांकडी पेटीचें श्वसनयंत्र बनविलें. पुढच्या वर्षीं तो इंग्लंडांत असतां, एका पोलिओच्या रोग्यासाठीं असें यंत्र तातडीनें हवें आहे, असें आवाहन बी. बी. सी. रेडिओवरून झालें. तें ऐकून त्यानें भाड्याची कर्मशाळा घेतली आणि यंत्रें तयार केलीं. मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफील्ड यांनीं तें यंत्र पाहिलें आणि कौलीच्या आपल्या कारखान्यांत तशीं यंत्रें करण्याचा हुकूम दिला. ब्रिटिश साम्राज्यांतील जें रुग्णालय मागेल त्यास तें फुकट, असें त्यांनीं जाहीर केलें. सतराशेंहून अधिक यंत्रें अशा रीतीनें तयार झालीं. आकाशवाणीवरून बोलणाऱ्याला या घटनेचा थोडा अभिमान वाटला तर श्रोते क्षमा करतील.

आतां वाटेल कीं प्रश्न सुटला. तसें झालें नाहीं. १९५२ सालच्या उन्हाळ्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयांत, साथ ऐन भरांत असतां, एकेका दिवशीं पन्नासपर्यंत रोगी येऊं लागले. पुष्कळांच्या मेंदूच्या बुडाशीं रोगाचा आघात झाला होता. त्यामुळें छातीबरोबर घसाही लुळा पडे आणि लाळ व कफ श्वासनलिकेंत उतरे. अशा रोग्याला लोखंडी फुप्फुसांत ठेविलें तर यंत्र हवेबरोबर ती घाणही आंत ओढून घेई. शिवाय रुग्णालयापाशीं अशी एकच टाकी आणि छातीवर बसवावयाचीं सहा कवचें होतीं. पहिल्या तीन आठवड्यांत ३१ रोग्यांवर या यंत्रांनीं उपचार झाले. त्यांतील २७ दगावले.

मुख्य वैद्य डॉ. लासेन यांनीं अखेर ब्यॉर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. मरणाऱ्या रोग्यांच्या रक्तांत कार्बन डायॉक्साइडचा एकूण सांठा वाढलेला आढळे. रक्तांतील अल्कता कांहीं अज्ञात कारणानें वाढली असावी, असा त्याचा अर्थ वैद्य लावीत होते. इब्सेन यांनीं मृतांच्या फुप्फुसांची स्थिति पाहून निराळा अर्थ लावला. फुप्फुसें तितकीं बिघडलेलीं नाहींत. दूषित वायु बाहेर टाकण्याइतका श्वासच या लोकांना मिळत नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देऊन लुळ्या केलेल्या मनुष्याचा श्वास ते रोज रबरी पिशवी दाबून चालवीत होते. तेंच येथें कां करूं नये?

२७ ऑगस्ट १९५२ रोजीं बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेंत नळी बसविण्यांत आली. आरंभीं ती इतकी तडफडूं लागली कीं हवा आंत जाईना. जमलेले डॉक्टर निराश होऊन बाजूस झाले. इब्सेन यांनीं तिला गुंगीचें औषध दिलें. तिची धडपड थांबली, स्नायू सैल पडले, आणि पिशवीच्या प्रत्येक दाबाबरोबर छाती वर येऊं लागली. थोड्या वेळानें तिची कांति पालटली. नंतर तिला पुन्हा जुन्या कवचावर ठेवून पाहिलें, तों प्रकृति ढासळली. पिशवी हातीं घेतली, ती सांवरली. यापुढें वाद करण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें. ती मुलगी त्यानंतर आणखी जवळजवळ एकोणीस वर्षें जगली.

उपाय सांपडला, पण तो चालविणारें यंत्र रुग्णालयापाशीं नव्हतें. तेव्हां वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावणें गेलें. सुमारें १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसले आणि रात्रंदिवस हातानें पिशव्या दाबीत राहिले. एका वेळीं सत्तरपर्यंत रोगी अशा हातांवर जगत होते. मुलांच्या गळ्यांत नळी असल्यामुळें त्यांना बोलतां येत नसे. त्यांच्या चेहऱ्यावरून आणि नजरेवरून विद्यार्थी हात हळू करावयाचा कीं जलद, हें ओळखीत. कोणी त्यांना गोष्टी वाचून दाखवीत. या सेवेची बेरीज सुमारें १,६५,००० तास भरली. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८७ होतें तें प्रथम चाळीसच्या आसपास आलें आणि पुढें त्याहूनही घटलें. तंत्र तेंच, पिशवी रबराची; नवीन होती ती समज.

त्या हातांची जागा लवकरच यंत्रानें घेतली. ठरलेली हवा ठरलेल्या वेळीं फुप्फुसांत ढकलणारें यंत्र स्वीडनच्या डॉ. एंगस्ट्रॉम यांनीं त्याच सुमारास तयार केलें. इब्सेन यांनीं डिसेंबर १९५३ मध्यें, ज्यांच्या श्वासाला आधार हवा अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र कक्ष उघडला. ज्याला आपण आज 'आय. सी. यू.' म्हणतों त्याच्या आरंभाच्या कक्षांत त्याची गणना होते. १९५६ सालीं डेन्मार्कमध्येंच, दाबून सोडली कीं आपोआप फुगणारी 'अंबू' पिशवी बाजारांत आली. आपल्याकडील रुग्णवाहिकांतून आजही तिच्या जातीची पिशवी असते.

पोलिओपुरता खरा विजय यंत्राचा नव्हे, लशीचा. १९५५ सालीं साल्क यांची लस यशस्वी झाल्याचें जाहीर झालें आणि टाक्यांची रांग हळूहळू ओस पडली. आपल्या देशांत रानटी पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा येथें आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. तरी जुना रोग कांहीं शरीरांत राहिलाच होता. अमेरिकेंतील पॉल अलेक्झांडर यांना १९५२ सालीं, सहाव्या वर्षीं, पोलिओ झाला. लोखंडी फुप्फुसाच्या आधारानें ते शिकले, वकील झाले, आणि १९२८ च्या त्या कल्पनेच्या बळावर मार्च २०२४ पर्यंत जगले.

एक धागा अजून जोडावयाचा राहिला. भाता फुप्फुसें फाडतो, हा लरॉय यांचा इशारा आठवा. इब्सेन यांच्यानंतर ढकलण्याची वाट पुन्हा राजमार्ग झाली. पण किती ढकलावें, हा प्रश्न उरलाच होता. २००० सालीं अमेरिकेंत ८६१ रोग्यांवर झालेल्या चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांचीं फुप्फुसें सुजलेलीं होतीं त्यांना दर खेपेस नेहमींच्या निम्मीच हवा दिली, तेव्हां मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३९.८ वरून ३१ वर आलें. एवढी साधी गोष्ट पुरती पटण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं. कोविडच्या काळीं आपल्या डॉक्टरांनीं यंत्रें बेतानें चालविलीं, तीं याच शिकवणीवर.

यंत्र रोग बरा करीत नाहीं. तें शरीराला बरें होण्यास वेळ मिळवून देतें, म्हणजे श्वास उसना देतें. उसनें देणाऱ्याचा हात मोकळा हवा आणि सांभाळून देणाराही हवा. इमर्सनचा दावा पहिल्या गोष्टीसाठीं होता, लरॉयचा इशारा दुसऱ्या गोष्टीसाठीं. पुढें साथ येईल तेव्हां आपण प्रथम यंत्रांची संख्या विचारूं, आणि तें योग्यच आहे. पण त्याचबरोबर तीं चालविणारे शिकलेले हात किती आहेत, हेंही विचारण्यास विसरूं नये. कोपनहेगनमध्यें यंत्रें नव्हतीं. हात होते, आणि त्यांना काय करावयाचें हें सांगणारा एक जाणता मनुष्य होता.