रांगत गाठलेली रेषा : हवाई, १९८२ #थ्रेड

१/ ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणे. सारे एकाच दिवसात. ‘आयर्नमॅन’ ही शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर प्रथम झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली.

२/ १९८१ साली शर्यत हवाई बेटावरील कोना येथे नेण्यात आली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ज्युली मॉस ही २३ वर्षांची विद्यार्थिनी तीत सहभागी झाली. निमित्त होते व्यायाम आणि शरीरक्रिया या विषयावरील प्रबंधाचे.

३/ अखेरच्या टप्प्यात ती महिलांमध्ये आघाडीवर होती. मात्र थकवा आणि निर्जलीकरण यांमुळे पाय साथ देईनात. अंतिम रेषा काही पावलांवर असताना ती कोसळली. कॅथलीन मॅककार्टनी पुढे निघून गेली. मॉसने रांगत रेषा गाठली, अवघ्या २९ सेकंदांनी मागे.

४/ एबीसी वाहिनीने हे दृश्य अमेरिकेतील घराघरांत पोहोचवले. विजेतीपेक्षा उपविजेतीच लोकांच्या स्मरणात राहिली आणि शर्यत ‘पूर्ण करणे’ हेच असंख्यांचे ध्येय झाले.

५/ या प्रसंगाकडे जिद्दीची गाथा म्हणून पाहिले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याचा दुसरा धडाही तितकाच मोलाचा : पाणी आणि अन्न यांचे नियोजन हाही सरावाचाच भाग होय. शरीर रिते झाले, की जिद्दीलाही रांगावे लागते.