संप कोणाचा? १९२९ ची मुंबई आणि गिरणीच्या दारातली रेषा

१/ गिरणीचा भोंगा वाजतो. दारात संपकरी उभे असतात. त्यांच्यातून वाट काढून आत जाणारा कामगार ‘संपफोड्या’ ठरतो, आणि कामगार चळवळीत या शब्दाला सहसा क्षमा नसते. तरीही १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित कामगारांना संपापासून दूर राहण्यास सांगितले. असे का घडले? (थ्रेड)

२/ प्रारंभ १९२८ पासून करावा लागतो. मुंबईच्या गिरणीमालकांनी खर्चकपातीसाठी नवी पद्धत आणली. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे आणि कातणाऱ्यानेही वाढीव काम करायचे. याचा अर्थ काहींवर जादा भार आणि उरलेल्यांना घरचा रस्ता. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले.

३/ इतका दीर्घ संप एका वचनावर टिकतो, ते म्हणजे कोणीही एकट्याने आत जायचे नाही. यंत्रे फिरवण्यापुरती माणसे मिळाली तरी मालकाचे भागते आणि बाहेरच्या हजारोंचे उपाशी दिवस वाया जातात. शिवाय संप जिंकला, तर त्याचा लाभ आत गेलेल्यालाही मिळतो. पिकेटिंगमागचे नैतिक बळ हे असे आहे, आणि ते खरे आहे.

४/ याच संपात, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) स्थापन झाली. आरंभी तिचे सभासद होते ३२४. डिसेंबरपर्यंत ते ५४ हजारांवर गेले. ऑक्टोबरमध्ये चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली आणि संप मागे घेण्यात आला.

५/ मात्र हे वचन देणारे सगळे कामगार गिरणीच्या आत समान नव्हते. विणकाम खात्यात, म्हणजे गिरणीच्या भाषेतल्या साळखात्यात, मजुरी चांगली होती. दलितांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरली की धागा छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. दलिताच्या तोंडचा धोटा हाती घेणे इतरांना विटाळ वाटे.

६/ ही बंदी प्रामुख्याने सहकारी कामगारांच्या आग्रहाने टिकली होती. दलितांच्या वाट्याला कमी मजुरीची खाती येत. अनेक गिरण्यांत पिण्याच्या पाण्याची सोयही वेगळी असे. आणि ज्या साच्यांसाठी संप पेटला होता, ते नेमके साळखात्यातले होते. दलित कामगाराने उपास काढायचा तो ज्या कामाला हात लावण्याची त्याला मनाई होती, त्या कामाच्या रक्षणासाठी.

७/ म्हणून १९२८ मध्येच बाबासाहेबांनी अट घातली की साळखाते दलितांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असली पाहिजे. संपाच्या नेत्यांनी ती नाखुशीने मान्य केली. पुढे बाबासाहेबांनी सांगितले त्याप्रमाणे, मालकांचे उत्तर असे होते की हा अन्याय असेल, तर त्याला आम्ही जबाबदार नाही. टोला मालकांचा होता, पण तो वर्मी बसणारा होता.

८/ उपास सोसण्याची शक्तीही सर्वांची सारखी नव्हती. संप लांबला की पुष्कळ कामगार कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात. थोडीफार शेती असलेले कुटुंब काही महिने तग धरू शके. भूमिहीन दलित कुटुंबाला गावीही आधार नव्हता. त्याच्यापुढे होते ते फक्त कर्ज.

९/ मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी डांगे, मिरजकर, निंबकर आदी नेत्यांना अटक झाली. एप्रिलअखेर दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला. बाबासाहेबांनी या वेळी उघड विरोध केला. हा संप कामगारांच्या हितापेक्षा कम्युनिस्टांच्या राजकारणासाठी आहे आणि त्यात आधीच कर्जबाजारी झालेला दलित कामगार पुरता बुडेल, असे त्यांचे मत होते.

१०/ युनियनचा युक्तिवादही पोकळ नव्हता. कामगारांतली फूट नेहमी मालकाच्या पथ्यावर पडते. कामगारकपात दलितांनाही सोडणार नव्हती. जातिभेद एकत्र लढतानाच विरघळेल, असा विश्वास अनेक कार्यकर्त्यांना होता. पण ‘आधी लढू, जातीचे नंतर पाहू’ हे वाक्य ज्याला नेहमी नंतरच ठेवले गेले, त्याने किती वेळा ऐकायचे?

११/ १९२९ चा संप फसला. युनियनची ताकद ओसरली आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. संपाबाहेर राहिलेल्या दलितांसाठी साळखाते तरीही उघडले नाही. म्हणजे रेषा ओलांडून त्यांना न्याय मिळाला, असेही म्हणता येत नाही.

१२/ या घटनेवरून बाबासाहेबांना ‘संपविरोधी’ ठरवणाऱ्यांनी १९३८ कडे पाहावे. फेब्रुवारीत मनमाड येथे दलित रेल्वे कामगारांसमोर त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाचे नावच मुळी स्वतंत्र मजूर पक्ष होते.

१३/ त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. ठरावीक परिस्थितीत संप हा त्यामुळे गुन्हा ठरणार होता. विधिमंडळात बाबासाहेबांनी मांडले की संप म्हणजे फार तर सेवेच्या कराराचा भंग होय. त्यासाठी कामगाराला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे. संपाचा हक्क त्यांनी स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला.

१४/ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. या वेळी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. नऊ वर्षांपूर्वी समोरासमोर उभे असलेले आंबेडकर आणि डांगे आता एकाच बाजूला होते.

१५/ या दोन भूमिकांत विसंगती शोधण्याची गरज नाही. १९३८ चा हक्क प्रत्येक कामगाराचा होता. १९२९ मध्ये ज्यांच्याकडून निष्ठा मागितली जात होती, त्यांना साळखात्याच्या दारातच अडवले गेले होते. गिरणीच्या दारातली रेषा पाळणे हे कामगाराचे कामगाराशी असलेले कर्तव्य खरेच. पण कर्तव्य दोन्ही बाजूंनी असते, आणि रेषा ओलांडणाऱ्याला दोष देण्याआधी आतली दुसरी रेषा कोणी आखली होती, तेही तपासावे लागते.