रेवा, बंदे आणि खजूर रोडचा पत्ता

धुळ्यात आग्रा रोडला अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. १९९३-९४ च्या सुमाराची गोष्ट. मी शाळेतून येऊन पंक्चरच्या ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसायचो. एका दुपारी रस्त्यावरून मोर्चा आला. पुढे बायका, मागे अनवाणी पुरुष, बरोबर पोरंटोरं. काही घोषणा कळत होत्या, काही बिलकुल नाही. अब्बांनी काही न बोलता माठ उचलून फळीवर ठेवला. हे कोण, असं मी विचारलं, तेव्हा सायकल घ्यायला आलेले एक काका म्हणाले, "डोंगरना लोके शेतस. त्यासना गाव बुडी ऱ्हायनात." बस्स, एवढंच. काकांनी सायकल घेतली, मोर्चा कलेक्टर कचेरीकडे गेला आणि मी परत ट्यूबकडे वळलो.

पुढे सतरा-अठरा वर्षांनी पुण्यात एका कॉलेजच्या मैदानावर 'इंडियन ओशन' या बँडचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. गर्दी विशीतल्या पोरांची. प्रत्येक गाणं संपलं की मागून एकच आरोळी यायची, "रेवा! रेवा!" शेवटी त्यांनी 'मा रेवा' सुरू केलं आणि मैदान उसळलं. माझ्याबरोबर जळगावचा एक दोस्त होता. त्याने कानाशी येऊन विचारलं, "रेवा म्हणजे कोण रे?" मी म्हणालो, "नर्मदा. आपल्याच धुळे जिल्ह्याच्या टोकावरून जायची." त्याला ते पटलं नाही. जळगावच्या माणसाला नदी म्हटलं की तापी आठवते, फार तर गिरणा.

त्या रात्री ऐकलेला बँड तरुण नव्हता. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी १९९० मध्ये दिल्लीत तो सुरू केला. पहिली कॅसेट १९९३ मध्ये एचएमव्हीने काढली. रॉक म्हटलं की आपल्याकडे लांब केस, चामड्याचं जाकीट आणि इंग्रजी आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो. इथे असीमदा मांडी घालून बसायचे, तबला वाजवता वाजवता गायचे आणि बाजूला गिटार, बास, ड्रम. शब्द कुठून कुठून आणलेले. २००० सालच्या 'कंदीसा' अल्बमचं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे. त्याच अल्बमात गोरख पांडेंचं 'हिल्ले ले' आहे आणि 'मा रेवा'ही आहे. पुढच्या अल्बममध्ये कबीर आला.

'मा रेवा' त्यांना सापडलं ते बासगिटार वाजवणाऱ्या राहुल राममुळे. हा माणूस अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषांवर पीएचडी करून आला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं नर्मदा बचाओ आंदोलनात खोऱ्यात राहिला. गाणं नदीकाठच्या लोकांचं, परंपरेने चालत आलेलं. एकट्या धुळ्याचं आहे असा दावा मी करणार नाही. पण खोरं तेच.

खान्देशातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? सरदार सरोवरात तीन राज्यांची मिळून २४५ गावं बाधित झाली. त्यातली ३३ महाराष्ट्राची, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे दोन्ही तालुके धुळे जिल्ह्यात होते. मणिबेली हे आपल्या बाजूचं पहिलं बुडणारं गाव. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये अक्राणीतल्या चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीने रेहमल पुन्या वसावे हा आदिवासी मुलगा मेला. वयाने तो माझ्याहून थोडाच मोठा. त्याचं नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिशी ओलांडली होती. कलेक्टर कचेरी धुळ्याला, म्हणून मोर्चे धुळ्याला. आम्ही त्यांना पाणी दिलं आणि हा गुजरातचा मामला आहे असं समजून गप्प राहिलो. आमच्या मोहल्ल्यात तर याची चर्चाही झाली नाही. आम्हाला तेव्हा आमचंच पडलं होतं.

कारण १९९३ चा आमच्यासाठी अर्थ वेगळा होता. डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या दंगली, १२ मार्चला बॉम्बस्फोट. मुंबईला कामाला गेलेले नातेवाईक घरी परत आले होते. मोठी माणसं रेडिओ हळू लावून ऐकायची. या स्फोटांवर हुसेन झैदींनी पुस्तक लिहिलं, त्यावरून अनुराग कश्यपने 'ब्लॅक फ्रायडे' काढला. खटला चालू असल्यामुळे कोर्टाने तो अडवला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो पडद्यावर आला. संगीत इंडियन ओशनचं. पियूष मिश्रांनी लिहिलेलं 'बंदे' तोवर घराघरात पोहोचलं होतं. सूडाने आंधळ्या झालेल्या माणसाला थांब म्हणणारं हे गाणं. ते कुणाचा धर्म विचारत नाही. तरी मी ते पहिल्यांदा चारचौघांत ऐकलं तेव्हा आजूबाजूचे माझ्याकडे बघतायत असं उगाच वाटत राहिलं. बघत कोणीच नव्हतं. पण तसं वाटणं हीच नव्वदच्या दशकाने आम्हाला दिलेली सवय.

आता त्या अल्बमकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. '१६/३३० खजूर रोड'. दिल्लीत करोल बागेतल्या एका जुन्या घराचा हा पत्ता. बँड तिथे वर्षानुवर्षं सराव करायचा. रेकॉर्डिंग झालं आणि २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेले. आवाज आणि तबला अल्बममध्ये आहे, माणूस नाही. अशा वेळी एखादी कंपनी 'अखेरचा अल्बम' म्हणून सीडी खपवते. यांनी उलटं केलं. कंपन्यांशी होणारे करार, हक्क आणि मानधनाचे वाद यांना ते कंटाळले होते. जुलै २०१० पासून दर महिन्याला एक, अशी सात गाणी त्यांनी इंटरनेटवर फुकट दिली. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं. मीही जळगावच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ती पेनड्राइव्हवर घेतली. फुकटच्या गाण्याला माझे पैसे लागले, ही गंमत वेगळी.

मग पोट कसं भरायचं? कार्यक्रमांवर. आधी अल्बम विकायला कार्यक्रम करायचे, आता कार्यक्रमाला लोक यावेत म्हणून अल्बम वाटायचा. कॅसेटच्या जमान्यातल्या कव्वालांना हे उमजलं असतं. त्यांचीही खरी कमाई उरुसातली आणि मैफलीतली.

पण हे कार्यक्रम फक्त जाहिरातीचे राहिले नाहीत. असीमदांची जागा भरायला दोघे लागले. गायला हिमांशु जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. मी पुण्यात ऐकलं तेही याच संचात. लोक जुन्या आवाजाची वाट बघत होते आणि स्टेजवरचे नवे दोघे ते ओळखून होते. पहिल्या दोन-तीन गाण्यांत हिमांशूचा गळा जरा जपून चालला होता. 'रेवा' आलं तेव्हा तो सुटला. त्यानंतर कुणी कुणाशी तुलना केली नसावी. निदान मी तरी केली नाही.

या अल्बममधलं माझं गाणं वेगळंच, 'डरते हो'. ही नून मीम राशिद यांची नज्म. उर्दूत आझाद नज्म रुजवणाऱ्यांत राशिद अगदी पुढचे. जन्म १९१० चा, म्हणजे अल्बम आला ते त्यांचं शताब्दीचं वर्ष. त्याच वर्षी 'पीपली लाइव्ह'मध्येही ही नज्म वाजली, शेतकऱ्याच्या मरणाचा तमाशा दाखवणाऱ्या सिनेमात. आमच्याकडे उर्दू शाळांत इक्बाल आणि हाली पाठ करून घेतात, राशिद कुणी शिकवत नाही. कठीण आहेत म्हणतात. आणि इथे दिल्लीचे चार वादक त्यांना गिटारवर घेऊन मैदानात उतरले, पोरं सोबत गात होती. माझी एक भाची उर्दू माध्यमात शिकायची, तिला मी ते ऐकवलं. तिने शब्द वहीत लिहून घेतले आणि बाईंना अर्थ विचारला. बाईंना दोन दिवस लागले, पण त्यांनी समजावला.

२०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. २०१४ मध्ये 'तंदनु' आला, २०२३ मध्ये 'तू है'. स्थापना करणारे दोघेही नसताना बँड गावोगाव फिरतो आहे आणि 'रेवा'ची फर्माईश अजूनही होते. धरणाचं लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ ला झालं. आपल्या बाजूच्या अनेक विस्थापितांना तळोदा तालुक्यात जंगलाची जमीन देऊन वसवलं.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त नंदुरबारहून तळोद्याला एसटीने जात होतो. शेजारी बसलेल्या पोराच्या मोबाईलवर आदिवासी लग्नातलं गाणं मोठ्याने चालू होतं. गाव विचारलं तर त्याने एका वसाहतीचं नाव सांगितलं. "मूळ गाव?" म्हटलं. तो हसला, "आजोबाला माहिती. मी नाही बघितलं." मी त्याला 'मा रेवा' ऐकवलं. त्याने निम्मं ऐकलं, चांगलं आहे म्हणाला, आणि इअरफोन परत देऊन आपलं गाणं पुन्हा लावलं.