जुनं कर्ज, वसुलीवाल्याचा फोन आणि सिबिलमधली चूक : काय करायचं, कुठं जायचं?

खरीप तोंडावर आला की बँकेत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "तुमचं सिबिल खराब आहे." कुणाचं जुनं कर्ज कर्जमाफीत गेलेलं असतं. कुणी पाहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेला असतो. कुणी हप्त्यावर मोबाईल घेऊन शेवटचा हप्ता विसरलेला असतो. काहींनी तर ते कर्ज कधी काढलेलंच नसतं. साहेब स्क्रीनकडं बोट दाखवतात आणि माणूस हात हलवत माघारी येतो. मग बी-बियाण्यासाठी सावकाराचं दार ठोठावावं लागतं.

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकारनं बँकांना वेळोवेळी बजावलं आहे. तरीही ट्रॅक्टर, ठिबक, घर किंवा पोराच्या शिक्षणाचं कर्ज मागायला गेलं की सिबिल बघितलंच जातं. म्हणून जुन्या कर्जाचा हिशोब आणि सिबिलची नोंद दोन्ही सरळ करून घेणं गरजेचं आहे. त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही.

सिबिल म्हणजे नेमकं काय?

कोणी कुठून किती कर्ज घेतलं आणि हप्ते वेळेवर भरले का, याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल सगळ्यात जुनी, म्हणून चौघींच्याही रिपोर्टला लोक सिबिलच म्हणतात. या कंपन्या २००५ च्या कायद्याखाली चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. ज्यानं कधीच कर्ज घेतलं नाही त्याचा स्कोअरच नसतो. तेवढ्या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिबिल कंपनी आपल्या मनानं काही लिहीत नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी जे कळवते तेच रिपोर्टवर दिसतं. त्यामुळं चूकही बहुतेक वेळा तिथूनच दुरुस्त होते.

रिपोर्ट फुकट मिळतो

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हा प्रत्येकाचा हक्क आहे. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन पॅन, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर टाकायचा. ओटीपी आला की रिपोर्ट उघडतो. मध्येच पैशाचे प्लॅन दाखवले जातात, ते सोडून फुकटचा पर्याय निवडा. ओटीपी दुसऱ्या कुणालाही सांगू नका.

रिपोर्ट हातात आला की आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता बघा. मग एकेक खातं तपासा. खालचे शब्द नीट समजून घ्या :

क्लोज्ड : कर्ज पूर्ण फिटलं, खातं बंद.

सेटल्ड : कमी रकमेवर तडजोड झाली. बँकेनं काही रक्कम सोडली, असा त्याचा अर्थ. पुढचं कर्ज मिळताना हा शेरा आडवा येतो.

रिटन ऑफ : बँकेनं आपल्या वहीत कर्ज बुडीत दाखवलं. याला कर्जमाफी समजू नका. पैसे देणं बाकीच असतं आणि वसुलीही चालू राहू शकते.

डीपीडी : हप्ता किती दिवस थकला ते. ००० असेल तर चांगलं. ०३०, ०९० असे आकडे म्हणजे तितके दिवस थकीत.

गॅरंटर : तुम्ही जामीन आहात. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पाहुण्यानं हप्ता चुकवला तर डाग तुमच्याही नावावर लागतो.

कुठल्या चुका होतात?

गावाकडं एकाच नावा-आडनावाची चार माणसं असतात. त्यामुळं एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढतं. फिटलेलं कर्ज चालूच दिसतं. बँकेनं थकीत कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर तेच कर्ज दोनदा दिसतं. कुणीतरी पॅन आणि आधारच्या झेरॉक्सवर परस्पर कर्ज उचललेलं असतं.

कर्जमाफीचंही तसंच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंत होती आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंत. या योजनांत खातं बसलं असेल तर बँकेचा खातेउतारा काढून शासनाची रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली ते बघा. उताऱ्यावर बाकी शून्य आणि रिपोर्टवर थकबाकी, असं असेल तर ती सरळ चूक आहे.

चूक दुरुस्त कशी करायची?

१. रिपोर्टची प्रिंट काढा आणि चुकलेल्या खात्यावर खूण करा.

२. पुरावा जोडा : बेबाकी दाखला म्हणजेच नो ड्यूज, हप्त्याच्या पावत्या, खातेउतारा, कर्जमाफीचं प्रमाणपत्र. जे असेल ते. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

३. सिबिल कंपनीच्या संकेतस्थळावर "डिस्प्यूट" नोंदवा. ते फुकट असतं. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

४. त्याच दिवशी बँकेलाही लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला हे दाखवायला हातात काही राहत नाही.

अर्ज साधा असावा. उदाहरणार्थ :

"मा. शाखाधिकारी यांस. विषय : सिबिल रिपोर्टमधील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत. माझे कर्ज खाते क्रमांक अमुक दिनांक अमुक रोजी पूर्ण फेडलेले आहे. सोबत बेबाकी दाखला जोडला आहे. तरीही रिपोर्टमध्ये अमुक रुपये थकबाकी दिसते. ही नोंद दुरुस्त करून चारही पत माहिती कंपन्यांना कळवावे व मला लेखी उत्तर द्यावे."

या तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला असतात. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. समजा, तक्रार ५० व्या दिवशी मिटली, तर २० दिवसांचे २,००० रुपये होतात. ढिलाई बँकेची असेल तर बँक देते, सिबिल कंपनीची असेल तर कंपनी देते. दुरुस्ती नाकारली तर त्याचं कारणही बँकेनं सांगावं लागतं.

जुनं कर्ज आपोआप संपतं का?

"तीन वर्षं झाली, आता कर्ज गेलं," असं पारावर बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणं साध्या विनातारण कर्जासाठी सावकाराला किंवा बँकेला साधारण तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं. जमीन किंवा घर गहाण असेल तर ही मुदत १२ वर्षांची असते. सहकारी पतसंस्था आणि सोसायट्यांना सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवण्याचा वेगळा रस्ता आहे. तिथं कोर्टातली तीन वर्षं मोजत बसू नका.

मुदत संपण्याआधी थकबाकी मान्य असल्याच्या कागदावर सही केली किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. कर्ज "जुनं-नवं" करताना सह्या होतात तेव्हाही मुदत नव्यानं लागते. मुदत संपल्यावरही "मी हे पैसे फेडीन" असं लिहून सही दिली तर त्यावर दावा होऊ शकतो. म्हणून दारात आलेल्या माणसाच्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

आणि मुदत गेली तरी रिपोर्टवरची नोंद लगेच पुसली जात नाही. सिबिल कंपन्या किमान सात वर्षं माहिती ठेवतात.

वसुलीवाला दारात आला तर

देणं खरं असेल तर बँकेला मागायचा हक्क आहे. पण मागण्याची पद्धत ठरलेली आहे. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे महिला गटांच्या कर्जात ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे आणि वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी करायची असते. सलग दोन वेळा त्या ठिकाणी गेलं नाही तरच कर्मचारी घरी येऊ शकतो.

शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना फोन, घाणेरडे मेसेज, यातलं काहीच चालत नाही. एजंट आला तर पहिल्यांदा त्याचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र बघायला मागा. मग शाखेत फोन करून हा माणूस त्यांचाच का, याची खात्री करा. रोख पैसे हातात देऊ नका. शाखेत किंवा थेट कर्ज खात्यात भरा आणि पावती घ्या.

"पोलीस उचलून नेतील" ही नेहमीची धमकी. नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. मात्र चेक बाउन्स झाला असेल तर कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो. त्याची नोटीस किंवा कोर्टाचं समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका.

तडजोड करताना

एकरकमी परतफेड, म्हणजे ओटीएस, करायची असेल तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात एकूण रक्कम, शेवटची तारीख आणि "यानंतर काही बाकी राहणार नाही" हे स्पष्ट पाहिजे. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नका. जमत असेल तर पूर्ण रक्कम भरा, म्हणजे रिपोर्टवर "सेटल्ड" ऐवजी "क्लोज्ड" येईल.

पैसे भरल्यावर बेबाकी दाखला घ्या आणि सातबारावर इतर हक्कात बोजा असेल तर तो कमी करून घ्या. त्यासाठी दाखला जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं म्हणजे तलाठ्याकडं अर्ज करता येतो. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाईनही होतो. कर्ज फिटलं पण बोजा तसाच राहिला, असे सातबारे गावोगाव आहेत. जमीन वाटपाच्या किंवा विक्रीच्या वेळी मग धावपळ होते. बँकेकडं घर-जागेची मूळ कागदपत्रं ठेवली असतील तर पूर्ण परतफेडीनंतर ती ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. तिथं दोघांच्या संमतीनंच तडजोड होते, सही करायची सक्ती नसते. पण एकदा सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. रक्कम आणि हप्ते झेपतील तेवढेच मान्य करा.

तक्रार कुठं करायची?

बँक, फायनान्स कंपनी किंवा सिबिल कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. सीएमएस पोर्टलवर ऑनलाईन, किंवा पोस्टानं : भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. माहितीसाठी टोल फ्री १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच मात्र जोडावी लागते.

पतसंस्था आणि विकास सोसायटीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करायची. धमकी किंवा मारहाण झाली तर पोलीस ठाण्यात. फोनचं रेकॉर्डिंग, नंबर, तारीख आणि वेळ जपून ठेवा. आपल्या नावावर परस्पर कर्ज निघालं असेल किंवा लोन अॅपनं फसवलं असेल तर १९३० वर लगेच कळवा. फुकट कायदेशीर सल्ल्यासाठी तालुका कोर्टातली विधी सेवा समिती आहे, हेल्पलाईन १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते.

"पाच हजारात सिबिल क्लिअर" अशा पाट्या आणि मेसेज फिरतात. खरी थकबाकी कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद काढायला पैसे लागत नाहीत. घरात कुणाचंही कर्ज असो, त्याची एक फाईल करा. पावत्या, उतारे, बेबाकी दाखला, अर्जांच्या पोच सगळं त्यात. पेरणीच्या तोंडावर धावण्यापेक्षा उन्हाळ्यातच रिपोर्ट काढून बघितला तर दुरुस्तीचे ३० दिवस हाताशी राहतात.