घरातली प्रयोगशाळा

इन्सुलिनचा इतिहास टोरांटोपासून सांगितला जातो. 11 जानेवारी 1922 रोजी तिथल्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता, त्यामुळे फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीला दिला आणि मुलगा सावरला. तोवर अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवूनच थोडेफार जगवत. थॉम्पसन पुढे 13 वर्षे जगला. 1923 चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. त्यानंतरचा इतिहास घराघरांत घडला. तो फारसा कुणी लिहिला नाही.

काष्टीतल्या आमच्या घरात हा आजार 1980 साली आला. थोरल्या ताईला तेराव्या वर्षी मधुमेह निघाला. इन्सुलिन दौंडहून आणावे लागे. फ्रिज नव्हता, म्हणून बाटली माठाच्या गारव्याला ठेवलेली असे. चौथी शिकलेली आई काचेची सिरिंज उकळायची. मग परीक्षानळीत पाच मिलिलिटर बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकून तापवायची. निळे राहिले तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग बदलत गेला की साखर चढलेली. शनिवारच्या बाजारात बैलाचे दात पाहून वय सांगणाऱ्या गावात आई रंग पाहून साखर सांगे.

पंधराव्या वर्षी रंग सारखा विटकरीच येऊ लागला. ‘चोरून खातेस’ हा आईचा आरोप. ताई मग नमुन्यात पाणी मिसळू लागली. ते उघडकीला आले, तेव्हा दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलले नाही.

याचा उलगडा मला फार उशिरा, वाचताना झाला. 1986 साली येल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, वयात येताना शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखे दाद देत नाही. पथ्य पाळूनही साखर चढू शकते. म्हणजे तो विटकरी रंग ताईच्या अपराधाचा पुरावा नव्हता. बॉस्टनच्या जोस्लिन केंद्रातील 1990 च्या दशकातल्या अभ्यासांनी पुढची बाजू मांडली: किशोरवयात सारा भार मुलावर टाकून पालक बाजूला झाले, तर साखर बिघडते, भांडण न करता ते कामात सोबत राहिले, तर ती आटोक्यात राहायला मदत होते. आज आपल्या पुण्यातही केईएम आणि जहांगीर रुग्णालयांतले संशोधक अशा मुलांचा अभ्यास करतात.

आईने सोबत सोडली नव्हती, हे नोंदवायला हवे. फक्त ती रंगाला साक्षीदार मानून बसली होती. रंगाचा दुसरा अर्थ तिला कुणी सांगितलाच नाही.

ताई आता साठीला टेकली आहे. हे सारे मी तिला वाचून दाखवले. ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आईला सांगायला हवं होतं रे.” आई जाऊन वीस वर्षे होऊन गेली.