सनद लिहिणारे आणि सभेंत बसणारे

एखाद्या नगरसभेनें आपल्याच मृत्युपत्रावर आपण होऊन सही करावी, अशी अपेक्षा व्यवहारी मनुष्य करीत नाहीं. न्यू यॉर्कच्या नागरिकांनींहि ती केली नाहीं. नगराची सनद बदलण्याचें काम नगरसभेबाहेरच्या स्वतंत्र मंडळाकडे सोंपवावें, ही अमेरिकेंत रुळलेली रीत त्यांच्या कामीं आली.

पूर्वीं अमेरिकेंत नगराला सनद मिळे ती त्या त्या संस्थानाच्या विधिमंडळाकडून, आणि मर्जी फिरली कीं तेंच मंडळ ती फिरवी. १८७५ सालीं मिसूरी संस्थानाच्या नव्या घटनेनें सेंट लुइस शहराला आपली सनद आपणच लिहिण्याचा हक्क दिला. तेरा नागरिकांनीं मसुदा केला आणि १८७६ सालीं मतदारांनीं तो पसंत केला. मुंबईचा १८८८ चा म्युनिसिपल कायदा गव्हर्नरांच्या कायदेमंडळांत घडला. तेथें फिरोजशहा मेहता व काशिनाथपंत तेलंग यांच्यासारखे जाणते पुरुष होते खरे. पण मसुदा तुम्हांस मान्य आहे काय, असें करदात्यांना कोणी विचारलें नाहीं.

न्यू यॉर्कचा पेंच असा होता. तेथील आल्डरमनांच्या सभेंत एकेका विभागांतून एकेक सभासद निवडून येई, आणि टॅमनी हॉल या नांवानें प्रसिद्ध असलेल्या डेमोक्रॅटिक संघटनेचा तींत पूर्ण वरचष्मा असे. न्यायमूर्ति सीबरी यांच्या चौकशीनें नगरकारभारांतील लांचलुचपत उघडकीस आणली व १९३२ सालीं मेयर वॉकर यांना राजीनामा द्यावा लागला. १९३४ च्या आरंभीं ला गार्डिया मेयर झाले. पण मेयर बदलला तरी सभा तीच होती. १९३५ च्या निवडणुकींत डेमोक्रॅट पक्षानें सुमारें दोन-तृतीयांश मतांवर ६५ पैकीं ६२ जागा पटकावल्या. उरलेल्या एक-तृतीयांश मतदारांचें म्हणणें सभेंत मांडण्यास तीन माणसें!

सनद सुधारण्यासाठीं १९३४ सालीं पहिलें मंडळ बसलें. सीबरी व माजी गव्हर्नर आल स्मिथ असे दोन वजनदार पुरुष त्यांत होते. परंतु जुन्या व्यवस्थेच्या पाठिराख्यांनीं प्रत्येक मूलगामी सूचना हाणून पाडली, तेव्हां कंटाळून दोघांनींहि ऑगस्टमध्यें राजीनामे दिले. ज्यांची सत्ता जावयाची त्यांचेच हितचिंतक मंडळांत बसविले, तर दुसरें काय व्हावयाचें? १९३५ सालीं ला गार्डियांनीं थॉमस थॅचर यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरें मंडळ नेमलें. या मंडळानें आल्डरमनांची सभा मोडून लहान नगरसभा सुचविली, नगररचनेसाठीं स्वतंत्र मंडळ सुचविलें, आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा वादग्रस्त प्रश्न सनदेपासून वेगळा काढून मतदारांपुढें ठेवला. हें मोठेंच शहाणपण झालें. एक नाकारला गेला तरी दुसरा वांचला असता. ३ नोव्हेंबर १९३६ रोजीं दोन्ही प्रश्नांना लोकांनीं होकार दिला.

नवी सनद १ जानेवारी १९३८ पासून अमलांत आली. आदल्या वर्षींच्या पहिल्याच निवडणुकींत २६ सभासद निवडले गेले आणि डेमोक्रॅट पक्षाच्या वांट्यास बरोबर निम्म्या जागा आल्या. १९४१ सालीं ॲडम क्लेटन पॉवेल हे सभेंतील पहिले नीग्रो सभासद झाले. पण त्याच पद्धतीनें ब्रुकलिनमधून कम्युनिस्ट उमेदवारहि निवडून आला. मग विरोधकांना आयतेंच निमित्त मिळालें, आणि १९४७ सालीं मतदारांनीं ती पद्धत स्वतःच रद्द केली. मंडळानें दिलेलें लोकांना परत घेतां येतें, हेंहि त्या रीतींतच बसतें.

पुढें १९८९ सालीं सुप्रीम कोर्टानें बोर्ड ऑफ एस्टिमेटची रचना घटनाबाह्य ठरविली. त्या बोर्डांत लहान-मोठ्या पांचहि उपनगरांच्या अध्यक्षांना सारखेंच मत होतें. तेव्हां नव्या सनद-मंडळानें त्याचे अधिकार वांटून दिले व नगरसभेचे सभासद ३५ वरून ५१ केले. सभेलाहि असें मंडळ नेमतां येतें; तिनें कायदा करून बसविलेल्या मंडळानें सुचविलेली पसंतीक्रमाची मतदानपद्धति २०१९ सालीं मंजूर झाली.

तथापि हें हत्यार दुधारी आहे. २०२४ सालीं मेयरच्या आणखी कांहीं नेमणुकांना आपली संमति लागावी, असा प्रश्न सभेला मतदारांपुढें न्यावयाचा होता. तोंच मेयरनें सनद-मंडळ नेमलें. मंडळाच्या प्रश्नांना कायद्यानें अग्रमान असल्यामुळें नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर मंडळाचे प्रश्न आले. सभेचा प्रश्न आलाच नाहीं.